छातीवरील मुका मार : दिसत नाही म्हणून दुर्लक्ष नको



लागवड, आंतरमशागत, खते आणि पाणी व्यवस्थापन या विषयांवर आपण या मासिकातून नेहमीच वाचत असता. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा वेगळा आहे. शेतात काम करताना छातीवर जोराचा मार बसला, पण कातडी फाटली नाही, रक्त आले नाही, तर आपण त्याला 'मुका मार' म्हणतो. हळदीचा लेप लावतो, शेक देतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. बहुतेक वेळा असा मार बराही होतो. परंतु काही वेळा याच मुक्या माराने छातीतील मोठी रक्तवाहिनी आतून फाटलेली असते आणि बाहेर त्याची खूण नसते.

मी वैद्यकीय शाखेचा नाही, कृषिविद्या शिकवतो. तरीही हा विषय घेण्याचे कारण घरचेच आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांचा ट्रॅक्टर नांगरट आटोपून परत येताना बांधावरून चारीत घसरला आणि त्यांची छाती स्टिअरिंगवर आदळली. ते स्वतः उठले, कपडे झटकले, घरी येऊन चहा घेतला. संध्याकाळी पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखू लागले. मला फोन आला तेव्हा "मुका मार आहे, शेक द्या, सकाळी दवाखान्यात दाखवू," असे मीच सांगितले. पहाटे ते गेले. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला चीर पडली होती, असे शवविच्छेदनात आढळले. अपघात आणि मृत्यू यांच्यामध्ये जवळजवळ बारा तास होते. त्या बारा तासांत काय करायचे हे आम्हाला ठाऊक नव्हते. ते आपल्याला ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

छातीतील मुख्य पाइपलाईन

आपले हृदय हा एक पंपच आहे. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. हे सर्व रक्त ज्या एका मोठ्या वाहिनीतून बाहेर पडते तिला महारोहिणी म्हणतात. डॉक्टर तिला एओर्टा म्हणतात. तिची जाडी छातीत साधारण एक इंची पाइपाएवढी असते. ती हृदयातून निघून वर जाते, काठीच्या मुठीसारखी मागे वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली पोटाकडे उतरते. वळणावर तिला डोके आणि दोन्ही हातांकडे जाणाऱ्या फांद्या फुटतात.

महारोहिणीची भिंत तीन थरांची असते. आतला थर पातळ व गुळगुळीत, मधला थर जाड व लवचिक आणि बाहेरचा थर चिवट असतो. पुढील भाग समजण्यासाठी हे तीन थर लक्षात ठेवावेत.

चीर कोठे आणि का पडते?

शेतात पाइपलाईन टाकताना आपल्याला एक अनुभव येतो. पाइपाचा एक भाग काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेला असेल आणि पुढचा भाग मोकळा असेल, तर धक्का बसल्यावर पाइप मधोमध फुटत नाही. घट्ट भाग आणि मोकळा भाग जेथे मिळतात तेथेच तो तडकतो. महारोहिणीचेही तसेच आहे. वळणापर्यंतचा भाग हृदयाबरोबर काहीसा हलू शकतो. कण्याला लागून खाली उतरणारा भाग मात्र जखडलेला असतो. डाव्या हाताकडे जाणारी फांदी फुटल्यानंतर लगेचच हे दोन भाग मिळतात. तेथेच तंतूंची एक लहान दोरी महारोहिणीला फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीशी बांधून ठेवते. गर्भात असताना तेथे जी रक्तवाहिनी असते, तिचा तो उरलेला अवशेष होय.

वेगात चाललेले वाहन आदळून एकदम थांबते, किंवा माणूस उंचावरून जमिनीवर पडतो, तेव्हा शरीर थांबते. पण रक्ताने भरलेले हृदय आणि वळण क्षणभर पुढे जातच राहते. जखडलेला भाग मागे राहतो आणि जोडावर ताण येऊन चीर पडते. याशिवाय छाती दाबली गेल्यामुळे आतील रक्ताचा दाब एकाएकी वाढतो. चालू पंपावर व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपात जसा दणका बसतो, तसाच हा प्रकार आहे. पुढचे हाड आणि मागचा कणा यांच्यामध्ये महारोहिणी चिमटली जाणे हेही एक कारण सांगितले जाते. प्रत्यक्ष अपघातात ही कारणे एकत्रच काम करतात.

ही इजा मोटारगाड्यांच्या काळातील आहे असे समजू नये. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियस याने १५५७ साली घोड्यावरून पडलेल्या माणसाच्या महारोहिणीला झालेल्या इजेची नोंद केली होती. वाहने वेगवान झाल्यापासून मात्र तिचे प्रमाण वाढले.

ही इजा किती गंभीर असते?

अमेरिकेत पार्मली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली शवविच्छेदनांवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महारोहिणी फाटलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक जागीच मरण पावल्याचे आढळले. त्यांच्यासाठी करण्यासारखे काही नसते. परंतु उरलेल्या सुमारे १५ टक्के लोकांना काही तास, काहींना काही दिवस मिळाले होते. आपला विषय हे लोक आहेत.

त्यांना हा वेळ कसा मिळतो? बैलगाडीच्या किंवा ट्रॉलीच्या टायरचे उदाहरण घ्यावे. टायर आतून चिरतो, पण वरचे रबर शाबूत राहते. त्या जागी फुगा येतो. असा टायर गाडी ओढतो, काही मैल चालतोही. पण तो केव्हा फुटेल याचा नेम नसतो. महारोहिणीचे आतले दोन थर फाटले आणि बाहेरचा चिवट थर टिकून राहिला की असाच फुगा तयार होतो. माणूस चालतो, बोलतो, चहा पितो. फुगा मात्र हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ताणला जात असतो.

छातीतील इतर रक्तवाहिन्या

छातीवरील माराने केवळ महारोहिणीच फाटते असे नाही. तिच्या फांद्यांना, फुप्फुसाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या वाहिन्यांना आणि बरगड्यांखालून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांनाही इजा होते. शेतीतील अपघातांत बरगडी मोडून तिच्या टोकाने खालची वाहिनी किंवा फुप्फुस फाटणे हे महारोहिणीच्या इजेपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. असे रक्त फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साठते. एका बाजूच्या पोकळीत दोन-तीन लिटरपर्यंत रक्त मावू शकते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. वेळेवर नळी घालून हे रक्त काढले तर बहुसंख्य रुग्णांना मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

जगभर गाजलेले एक उदाहरण ब्रिटनच्या राजघराण्यातील डायना यांचे आहे. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिस येथे त्यांची मोटार बोगद्यातील खांबावर आदळली. त्यांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता. अपघातानंतर त्या जिवंत होत्या, काही शब्द बोललेही होत्या. परंतु फुप्फुसातून हृदयाकडे रक्त आणणारी नीला फाटलेली होती आणि काही तासांतच रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

रक्तदाब चांगला आहे, मग भीती कसली?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील पाऊण लिटर गेले तरी बहुधा विशेष लक्षण दिसत नाही. दीड लिटरच्या जवळपास जाईपर्यंत नाडी जलद होते, हातपाय गार पडू लागतात, माणूस अस्वस्थ होतो. पण रक्तदाब जवळजवळ पूर्वीसारखाच राहू शकतो. त्यापुढे मात्र तो झपाट्याने कोसळतो. तरुण आणि कष्टाळू शरीर तर अधिक काळ तग धरते. म्हणून 'बी.पी. नॉर्मल आहे' एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

शेतीत असा मार केव्हा बसतो?

१. ट्रॅक्टर उलटून त्याखाली सापडणे किंवा छाती स्टिअरिंगवर आदळणे.
२. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा ट्रॉलीतील उसाच्या मोळ्यांवर बसलेला माणूस खाली पडणे, अंगावरून चाक जाणे.
३. नारळ, आंबा, चिंच अशा झाडांवरून, माळ्यावरून किंवा विहिरीत पडणे. सुमारे दहा फुटांहून अधिक उंचीवरून पडणे गंभीर समजावे.
४. मोटारसायकल घसरून हँडल छातीत घुसल्यासारखे लागणे.
५. बैलाने किंवा म्हशीने छातीवर धडक देणे, भिंतीशी चेपणे, लाथ मारणे.
६. मातीचा ढिगारा, दरड किंवा धान्याच्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळणे.

पहिल्या चार प्रकारांत महारोहिणीला इजा होण्याची भीती अधिक असते. जनावराच्या माराने महारोहिणी फाटणे विरळा. परंतु बरगड्या मोडून आत रक्त साठण्याचा धोका असतो. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या न मोडताही आतील अवयवांना इजा होऊ शकते.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण आढळल्यास रात्र काढू नये :

१. छातीत किंवा पाठीत, विशेषतः दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखणे.
२. धाप लागणे, खोल श्वास घेता न येणे.
३. आवाज अचानक बसणे, गिळताना त्रास होणे.
४. घाम फुटणे, चेहरा पांढुरका पडणे, तहान लागणे, जीव घाबरा होणे.
५. एका हाताची नाडी दुसऱ्यापेक्षा क्षीण लागणे किंवा पायांत मुंग्या येणे, पाय गार पडणे.
६. छातीवर स्टिअरिंगचा किंवा पट्ट्याचा वळ उमटणे.
७. खोकल्यातून रक्त पडणे, चक्कर येणे, शुद्ध हरपणे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महारोहिणीला इजा झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या छातीवर बाहेरून एक ओरखडाही नसतो. म्हणून लक्षणांपेक्षा अपघात कसा झाला याला अधिक महत्त्व द्यावे. ट्रॅक्टर उलटला, माणूस उंचावरून पडला किंवा वेगातील वाहन आदळले, तर तो माणूस चालत-बोलत असला तरी त्याच दिवशी, त्याच तासाला तपासणीस न्यावा.

तातडीने काय करावे?

१. प्रथम ट्रॅक्टर किंवा यंत्र बंद करावे, मगच माणसाजवळ जावे.
२. १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. गावाचे नाव, रस्त्याची खूण आणि अपघाताचा प्रकार स्पष्ट सांगावा.
३. शुद्धीवर असलेल्या व धाप लागलेल्या माणसाला सोयीच्या स्थितीत ठेवावे. मान किंवा पाठ दुखत असल्यास वळवू नये. हलवणे भागच असेल तर तीन-चार जणांनी मिळून डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून उचलावे.
४. अंगावर घोंगडी किंवा चादर घालून ऊब द्यावी, धीर द्यावा, हालचाल करू देऊ नये.
५. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला, तरच छातीच्या मधोमध दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचा प्रयत्न करावा.
६. डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात : अपघात किती वाजता झाला, माणूस किती उंचीवरून पडला किंवा वाहनाचा वेग किती होता, छातीवर नेमके काय आदळले आणि शुद्ध हरपली होती का. 'पडले आहेत' एवढे सांगून भागत नाही.

काय करू नये?

१. जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. आपल्याकडे हा प्रकार सर्रास आढळतो.
२. छाती चोळू नये, शेकू नये, फडक्याने घट्ट आवळून बांधू नये. आवळल्याने श्वास आणखी कोंडतो.
३. चहा, पाणी किंवा जेवण देऊ नये. भूल द्यावी लागल्यास पोट रिकामे असणे हिताचे असते.
४. दुखणे थांबवण्यासाठी मनाने गोळ्या देऊ नयेत. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.
५. 'पोलीस केस' होईल या भीतीने मदत टाळू नये. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मध्ये रस्ता अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे. याच कायद्यात अपघातानंतरचा पहिला एक तास 'गोल्डन अवर' म्हणून नमूद केला आहे.

रुग्णालयात काय केले जाते?

प्रथम छातीचा एक्स-रे काढतात. त्यात मोडलेल्या बरगड्या, साठलेले रक्त आणि महारोहिणीच्या जागेची सावली रुंदावली आहे का ते दिसते. एक्स-रे चांगला आला तरी संशय पूर्णपणे मिटत नाही. खात्रीची तपासणी म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला छातीचा सी.टी. स्कॅन. पोटाच्या साध्या सोनोग्राफीने महारोहिणीची चीर कळत नाही. यासाठी अपघात मोठा असेल तर शक्यतो सी.टी. स्कॅनची सोय असलेले जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. श्वास फारच लागला असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मात्र आधी सर्वांत जवळच्या दवाखान्यात न्यावे.

चीर आढळल्यास डॉक्टर सर्वप्रथम रक्तदाब आणि नाडीचा वेग औषधाने कमी ठेवतात. पाइप तडकला आहे हे कळल्यावर आपण पंपाचा दाब कमी करतो, त्यातलाच हा प्रकार. चीर केवळ आतल्या थराला असेल तर औषधे आणि वारंवार तपासणी यांवर अनेकदा भागते. फुगा तयार झाला असेल तर दुरुस्ती करावी लागते. पूर्वी त्यासाठी छाती उघडून फाटलेल्या भागाच्या जागी कृत्रिम नळी शिवत असत. अलीकडे बहुतेक ठिकाणी जांघेतील रक्तवाहिनीतून मिटलेली नळी आत सरकवतात आणि चिरेच्या जागी उघडतात. फाटलेल्या टायरला आतून गेटर लावावा तसे हे काम आहे. यात छाती उघडावी लागत नाही आणि धोकाही कमी झाला आहे. त्यानंतर ठरावीक काळाने सी.टी. स्कॅन करून घेणे आणि रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेणे आवश्यक असते. बरे वाटते म्हणून त्या सोडू नयेत.

अपघात टाळण्यासाठी

ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटायला सुमारे दीड सेकंद पुरतो. एवढ्या वेळात उडी मारणे जमत नाही. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. चालकाभोवती मजबूत लोखंडी सुरक्षा चौकट असलेला ट्रॅक्टर घ्यावा. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू खूपच कमी झाले.
२. चौकट असेल तर सीट बेल्ट अवश्य लावावा. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र बेल्ट लावू नये. उलटल्यास चालक ट्रॅक्टरखालीच अडकतो.
३. ट्रॉली किंवा अवजड ओझे ड्रॉबारलाच जोडावे. त्याहून उंच जागी साखळी बांधून ओढल्यास पुढची चाके उचलली जातात.
४. बांध, चारी आणि विहिरीच्या काठापासून पुरेसे अंतर सोडून ट्रॅक्टर चालवावा. पावसाळ्यात काठाची माती खचते.
५. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पायदाने एकमेकांना जोडून ठेवावीत. उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडू नये.
६. मडगार्डवर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये. ही जागा बसण्यासाठी नाही.
७. झाडावर चढताना कमरेला दोर बांधावा. विहिरीला कठडा करून घ्यावा.

समारोप

आपण रोज पिकाच्या मुळाशी काय चालले आहे याचा अंदाज घेतो. वरून पान हिरवे दिसले तरी मूळकुज लागलेली असू शकते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. छातीवरील माराच्या बाबतीत हीच सावधगिरी ठेवावी. तपासणीत काहीच निघाले नाही तर एक दिवस आणि थोडे पैसे गेले, एवढेच होईल.

घरातील सर्वांना, विशेषतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलांना, हा लेख वाचून दाखवावा आणि १०८ हा क्रमांक ट्रॅक्टरवर रंगवून ठेवावा. 'मुका मार आहे, सकाळी पाहू,' असे मी सांगितले होते. आपण ते कोणाला सांगू नये.